पुण्यातली 200 जन्मपत्रिकांची चाचणी: विज्ञानाच्या तत्त्वज्ञानासाठी एक प्रकरण अभ्यास

विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकायला एम.ए.ला बसा नाहीतर पीएचडीच्या कोर्सवर्कला, 'विज्ञान कशाला म्हणायचं आणि कशाला नाही' हा प्रश्न लगेच समोर येतो आणि त्याच्या मागोमाग उदाहरण म्हणून फलज्योतिष येतंच. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातल्या मोठ्या नावांपैकी पॉपरने घेतलंय, कूनने घेतलंय, फायराबेंडने घेतलंय, थॅगार्डने तर त्यावर अख्खा निबंध लिहिलाय. पण या सगळ्या चर्चेत ज्योतिष बहुतेक वेळा नावापुरतं असतं, प्रत्यक्षात पत्रिका उघडून कोणी बसत नाही. आपल्याकडे मात्र एक असं प्रकरण आहे जिथे खरंच पत्रिका उघडल्या गेल्या, मोजणी झाली, निकाल छापला गेला, आणि तरीही सेमिनार पेपरमध्ये मुलं त्याला दोन ओळींत उरकतात, 'पुण्यात चाचणी झाली आणि ज्योतिषी नापास झाले' इतकंच. मला हे फार खटकतं कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते निकालाच्या आधीच्या भागात आहे, म्हणजे चाचणीच्या अटी कशा ठरल्या त्यात. म्हणून हे प्रकरण नीट सविस्तर मांडतोय.

आधी पार्श्वभूमी. 2001 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांमध्ये ज्योतिर्विज्ञानाचे, म्हणजे फलज्योतिषाचे, अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, त्यावर देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने याचिका फेटाळली. अभ्यासक्रम कोणता असावा हा तज्ज्ञ मंडळींनी ठरवायचा विषय आहे, त्यात कोर्टाने पडू नये, असा एकूण रोख होता. आता हे वाचून बरेच जण 'कोर्टाने ज्योतिषाला विज्ञान ठरवलं' असं बोलतात, पण एखाद्या अभ्यासक्रमाला आडकाठी न करणं वेगळं आणि त्या विषयातले दावे खरे आहेत असं म्हणणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

2008 मध्ये पुण्यात चार जण एकत्र आले. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, आणि स्वतः ज्योतिष शिकून मग त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे. त्यांनी तपासायला घेतलेला दावा अगदी छोटा होता. मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या मागे आहे हे पत्रिकेवरून कळतं, असं ज्योतिषी म्हणतात, तर ते खरंच कळतं का? समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमधून 100 हुशार विद्यार्थ्यांची आणि विशेष शाळांमधून 100 बौद्धिक दिव्यांग मुलांची जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण गोळा केलं. घाटपांडेंनी सॉफ्टवेअरवर पत्रिका काढल्या, प्रत्येकीला कोड दिला, आणि कुठला कोड कोणत्या गटातला ही माहिती विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात सुरक्षित ठेवली. मे महिन्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केलं की या, भाग घ्या, प्रत्येकाला रॅन्डम निवडलेल्या 40 पत्रिका मिळतील आणि तुम्ही फक्त सांगायचं की ही हुशार मुलाची की दुसऱ्या गटातली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पास कधी म्हणायचं हे आधीच सांगितलं. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तर 40 पैकी सरासरी 20 बरोबर येतील, तेव्हा 28 किंवा जास्त बरोबर आले तर तो ज्योतिषी यशस्वी. निव्वळ अंदाजाने 28 गाठायची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे (गणित केलं तर 0.83 टक्के येते), म्हणजे अट कडक आहे पण अशक्य नाही, ज्याला खरंच काही कळतं त्याला 70 टक्के मिळवणं जड जायला नको. शिवाय हे काम ज्योतिष्याच्या रोजच्या कामापेक्षा सोपं होतं. रोज समोर येणारा प्रश्न कसाही असतो, नोकरी कधी लागेल, लग्न कुठल्या दिशेच्या मुलीशी होईल वगैरे. इथे फक्त दोनच पर्याय, आणि दोन्ही गट एकमेकांपासून इतके लांब की मधलं कोणी नाहीच.

51 ज्योतिष्यांनी तयारी दाखवली. 27 जणांची उत्तरं परत आली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका मागून घेतल्या आणि त्यांचा निकाल लावून पाठवला. पुढे हा सगळा तपशील मार्च 2009 च्या 'करंट सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात छापून आला. सगळ्यात जास्त गुण 24, एकाचे. मग दोघांचे 22. बाकीचे वीस किंवा त्याखाली. सगळ्यांचं मिळून यशाचं प्रमाण शेकडा 46 च्या आसपास, म्हणजे नाण्याच्याही खाली. संस्थेचे 200 पैकी 102 बरोबर.

आता खरा अभ्यास इथून सुरू होतो. वर्गात हे आकडे सांगितले की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक गट म्हणतो बघा, सिद्ध झालं, ज्योतिष थोतांड आहे. दुसरा म्हणतो चाचणीच चुकीची होती. दोघंही घाई करतात. दुसऱ्या गटाचं आधी पाहू, कारण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मजकूर तिकडे जास्त आहे.

आक्षेप पहिला, जन्मवेळ. हा आक्षेप कोणीही घेईल आणि तो पोकळ नाहीये. लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलते, म्हणजे तिथे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर बहुतेक वेळा चालून जातं, पण नवमांश लग्न (राशीचे नऊ भाग करून त्यातला कुठला उगवतोय ते) सुमारे तेरा मिनिटांत बदलतं, आणि बारकाईने बघणारे ज्योतिषी नवमांश बघतातच. आता मॅटर्निटी होममध्ये वेळ कशी लिहिली जाते आठवा. बाळ बाहेर आलं, रडलं, नाळ कापली, आईकडे बघायचं असतं, नर्स हातातलं काम संपवून मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि रजिस्टरमध्ये 4.10 लिहिते, आणि ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे का मागे हे कोणी तपासलेलं नसतं. पुढे आजी सांगते की दिवे लागायच्या वेळेला झाला. तर हो, जन्मवेळेत चूक असू शकते.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ डुएमने गेल्या शतकाच्या सुरुवातीला भौतिकशास्त्राबद्दल हेच म्हटलं होतं की कुठलंही गृहीतक एकटं परीक्षेला बसत नाही, त्याच्याबरोबर उपकरणं, मोजमापं, बाकीची गृहीतकं अशी पलटण असते, म्हणून उत्तर चुकलं तर नेमका कोण चुकला हे नुसत्या तर्काने सांगता येत नाही. पुढे अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइनने ते आणखी ताणलं. ज्योतिषी जेव्हा म्हणतो 'सिद्धांत बरोबर आहे, जन्मवेळ चुकली' तेव्हा तो तर्काच्या नियमाबाहेरचं काही बोलत नाहीये, हे विद्यार्थ्यांनी मान्य केलंच पाहिजे, नाहीतर पुढे जाता येत नाही.

पण मग पुढचा प्रश्न विचारायचा: ही सबब अजून कुठे कुठे लागू होते? या 200 मुलांच्या जन्मवेळा ज्या घड्याळांवरून आल्या त्याच प्रकारच्या घड्याळांवरून ज्योतिष्याकडे रोज येणाऱ्या प्रत्येक माणसाची जन्मवेळ येते. वेळेतली नेहमीची चूक जर 40 पत्रिकांचं भाकीत पार पुसून टाकायला पुरेशी असेल, तर ती उद्या सकाळी दहा वाजता येणाऱ्या गिऱ्हाइकाचंही पुसते. सबब स्वीकारायची तर पूर्ण स्वीकारावी लागेल, म्हणजे सिद्धांत वाचेल पण व्यवसाय वाचणार नाही. डुएमच्या प्रश्नाला हाताळायची मला माहीत असलेली ही सगळ्यात चांगली रीत आहे, की सबब तर्कात बसते का एवढ्यावर थांबायचं नाही, ती मानल्यावर आणखी काय काय सोडावं लागतं ते मोजायचं.

आक्षेप दुसरा, 'माणूस समोर लागतो'. पत्रिका नुसती कागदावर बघून चालत नाही, जातक समोर बसला पाहिजे, आईवडिलांच्या पत्रिका पाहिजेत, अंतःस्फूर्ती पाहिजे. ठीक आहे, हा एक वेगळा दावा झाला. पण माणूस समोर बसला की त्याचे कपडे दिसतात, बोलणं कळतं, सोबत आलेली आई काळजीत आहे का हे दिसतं, आणि हुशार मूल की विशेष शाळेतलं हे तर खोलीत आल्याआल्या कळेल, मग पत्रिकेने काय सांगितलं आणि डोळ्यांनी काय सांगितलं हे वेगळं कसं करणार? कोड घालण्याचं सगळं कारण हेच होतं. आणि मुख्य म्हणजे ज्यांनी 40 पत्रिका घेऊन उत्तरं पाठवली त्या 27 जणांनी उत्तरं देताना ही अट मान्य केलेली होती. कागदावरून कळतं असं वाटलं म्हणूनच त्यांनी भाग घेतला. बहिष्कार टाका असं काही ज्योतिष्यांनी आधी म्हटलं होतं, त्यांची भूमिका यापेक्षा सुसंगत होती असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चाचणीच्या आधी 'या अटी मला मान्य नाहीत' म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो, निकालानंतर म्हणणाऱ्याशी घालणं कठीण असतं.

तिसरा आक्षेप: आयोजक ज्योतिषाचे विरोधक होते. होते. नारळीकर, दाभोलकर दोघांची मतं जगजाहीर होती. पण चाचणीची रचनाच अशी हवी की आयोजकाचं मत काहीही असलं तरी निकाल बदलू नये, आणि कोडची किल्ली तिसऱ्या ठिकाणी ठेवणं, पास-नापासची रेषा आधी जाहीर करणं, उत्तरं लेखी घेणं हे त्यासाठीच असतं. इथे 1985 ची शॉन कार्लसनची अमेरिकेतली चाचणी आठवावी, ती 'नेचर'मध्ये आली होती. तिथे ज्योतिष्यांना एका जन्मपत्रिकेसोबत तीन व्यक्तिमत्त्व-अहवाल दिले होते आणि त्यातला कुठला त्या माणसाचा ते ओळखायचं होतं. किमान निम्म्या वेळा ओळखू असा ज्योतिष्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात एक तृतीयांशच्या जवळपास आले, म्हणजे जे योगायोगाने येतं तेच. तिथेही आधी सल्लामसलत करून अटी ठरवल्या होत्या. दोन्ही चाचण्यांची ताकद इथे आहे.

आता पहिल्या गटाकडे वळू, ज्यांना वाटतं सगळं सिद्ध झालं. त्यांच्यासाठी थोडं गणित. एकट्या ज्योतिष्याने योगायोगाने 28 गाठायची शक्यता 0.83 टक्के, बरोबर. पण 27 जण बसलेत. 27 पैकी निदान एकाने तरी निव्वळ नशिबाने 28 गाठायची शक्यता किती? साधारण 20 टक्के, म्हणजे पाचात एक. आणि तयारी दाखवलेले सगळे 51 जण बसले असते तर तीनात एकाहून थोडी जास्तच. म्हणजे या चाचणीत एखादा ज्योतिषी पास होणं हे अजिबात चमत्कारिक नव्हतं, काहीही ज्ञान नसताना ते घडू शकलं असतं. आणि तसं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय मथळा आला असता याचा विचार करा. ज्ञानमीमांसेत, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं याच्या तत्त्वज्ञानात, आपण 'ज्ञान म्हणजे समर्थित सत्य विश्वास' ही व्याख्या आणि तिला अडचणीत आणणारी गेटियरची उदाहरणं शिकतो, की विश्वास खरा आहे, त्याला आधारही आहे, पण खरा निघाला तो नशिबाने. इथे तोच प्रश्न आकड्यांत समोर उभा राहतो. 24 वाल्या ज्योतिष्याचंही तसंच. 24 किंवा जास्त गुण योगायोगाने मिळायची शक्यता 13 टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे 27 नाणी उडवणाऱ्यांत तीन-चार जण तिथे पोचावेत अशी अपेक्षा, प्रत्यक्षात एकच पोचला. त्याला 'यातल्या त्यात जाणकार' म्हणायला काही आधार नाही.

दुसरी गोष्ट, 51 मधल्या 24 जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत. का? माहिती नाही. कदाचित पत्रिका बघून आत्मविश्वास गेला, कदाचित वेळ मिळाला नाही, कदाचित बहिष्काराचा दबाव आला. त्यामुळे निकाल या 27 जणांबद्दल आणि त्या एका संस्थेबद्दल आहे, आणि या एका दाव्याबद्दल आहे. लग्नाच्या गुणमेलनाबद्दल या चाचणीने काहीही सांगितलेलं नाही, साडेसातीबद्दलही नाही. छोटा दावा, स्पष्ट उत्तर. चाचणीचं मोल त्या छोटेपणात आहे, पण तो छोटेपणा विसरून 'ज्योतिष खोटं ठरलं' म्हटलं की आपणही पुराव्याच्या पुढे पळतो.

मराठी विद्यार्थ्यांना हे न्यायदर्शनातून, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातून, समजावणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे, कारण एम.ए.ला ते शिकून आलेले असतात. 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारा नियम, आणि अग्नीशिवाय धूर एका ठिकाणी जरी दिसला तरी व्यभिचार, म्हणजे नियमभंग, अनुमान मोडलं. आता 'पंचमस्थान (पत्रिकेतलं पाचवं घर) आणि बुध बिघडलेले असतील तर बुद्धीत न्यून' ही व्याप्ती म्हणून घेतली तर एक उलट उदाहरण पुरे, 200 कशाला हव्यात? पण ज्योतिषी सहसा कडक व्याप्ती सांगतच नाही, तो म्हणतो शक्यता वाढते, गुरूची दृष्टी असेल तर दोष कमी होतो, वगैरे. अशा दाव्याला एका उलट उदाहरणाने काही होत नाही. तिथे मोजणीच करावी लागते आणि रेषा आधी आखावी लागते. 'सगळे हंस पांढरे' हे विधान मोडणारा एक काळा हंस इथे पुरत नाही, याची जाणीव पॉपरला होती, आणि म्हणूनच संभाव्यतेच्या विधानांचं खंडन कसं करायचं यावर त्याने 1934 च्या ग्रंथात एवढी पानं खर्च केली आहेत.

मग ज्योतिष विज्ञान की छद्मविज्ञान? मुलांना हा प्रश्न हवाच असतो आणि तो टाळणं बरोबर नाही, पण या प्रकरणातून त्याचं उत्तर मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बघा ना, पॉपरच्या कसोटीने ज्याचं खंडन होऊच शकत नाही ते विज्ञान नव्हे. पण इथे तर दावा तपासला गेला आणि तो टिकला नाही. म्हणजे हा दावा खंडनयोग्य होता! कूनने 1965 च्या लंडनच्या परिषदेत पॉपरसमोर हाच मुद्दा मांडला होता, की ज्योतिष्यांची भाकितं शतकानुशतकं चुकत आली, त्यांच्या नोंदीही आहेत, तेव्हा 'खंडन होत नाही' ही अडचणच नाही; अडचण ही की चुकल्यावर ज्योतिष्याला सोडवायला कोडं मिळत नाही. खगोलशास्त्रज्ञाचं ग्रहाचं स्थान चुकलं तर तो मोजमाप तपासतो, कक्षा सुधारतो, नवा ग्रह शोधतो, काम पुढे सरकतं. ज्योतिष्याकडे चुकीची कारणं इतकी असतात की एकही पकडून पुढे जाता येत नाही. थॅगार्डने 1978 मध्ये यात समाजाचा भाग घातला: अभ्यासकांचा समुदाय आपल्या अपयशाकडे बघून सिद्धांत सुधारायचा प्रयत्न करतोय का? म्हणजे या प्रकरणात कूनचा प्रश्न 2008 च्या निकालावर संपत नाही, तो 2009 नंतरच्या वर्षांना विचारायचा असतो: पंचमस्थानाचा कोणता नियम कुठे फसला हे शोधायला कोणी त्या पत्रिका पुन्हा उघडल्या का.

तत्त्वज्ञ लाउडनने 1983 मध्ये तर म्हटलं की विज्ञान आणि विज्ञान-नसलेलं यांच्यातल्या सीमारेषेची ही चर्चाच सोडून द्या. त्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतल्या अर्कान्सामधल्या सृष्टिवादाच्या (सृष्टी देवाने निर्माण केली या मताच्या) खटल्यात न्यायाधीशाने विज्ञानाचे निकष निकालपत्रात लिहिले होते, त्यावर लाउडन चिडला होता, कारण त्याच्या मते सृष्टिवाद्यांचे दावे तपासण्यासारखे आहेत, तपासलेत आणि चुकीचे निघालेत, तर सरळ चुकीचे म्हणा, 'विज्ञानच नव्हे' म्हणून पळवाट का देता? आपल्या 2004 च्या प्रकरणाशी हे जोडून बघा. कोर्टात 'ज्योतिष विज्ञान आहे का' हा झगडा घेऊन गेलो तर पदरात काही पडत नाही, 'पत्रिकेवरून बुद्धी कळते का' हा प्रश्न घेऊन विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात गेलो तर उत्तर मिळतं. मी लाउडनशी पूर्ण सहमत नाही, सीमारेषेचा प्रश्न शिक्षणाच्या धोरणासाठी लागतोच, पण कुठला प्रश्न आधी विचारायचा याबाबत तो बरोबर आहे.

फायराबेंडचा एक मुद्दाही इथे घ्यायलाच हवा. 1975 मध्ये अमेरिकेत 186 शास्त्रज्ञांनी, त्यात 18 नोबेलविजेते, ज्योतिषाविरुद्ध जाहीर निवेदनावर सह्या केल्या. फायराबेंड त्यावर तुटून पडला, की यातल्या किती जणांनी ज्योतिष वाचलंय, सह्यांची संख्या हा काय पुरावा झाला? खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगननेही त्या निवेदनाचा अधिकारवाणीचा सूर पटला नाही म्हणून सही केली नव्हती, आणि तो तर ज्योतिषाचा समर्थक अजिबात नव्हता. पुण्यातल्या चौघांनी नेमकं उलट केलं. नारळीकरांच्या नावाला महाराष्ट्रात जे वजन होतं त्यावर निवेदन काढून भागलं असतं, लोकांनी ऐकलंही असतं, शब्दप्रमाण म्हणून, म्हणजे जाणत्याने सांगितलं म्हणून. त्यांनी तसं न करता ज्योतिष जाणणारा माणूस बरोबर घेतला, संख्याशास्त्रज्ञ घेतला, आणि समोरच्याला जिंकायची खरी संधी दिली. दाभोलकरांची 2013 मध्ये पुण्यातच हत्या झाली, नारळीकर 2025 मध्ये गेले. हे काम त्यांच्या इतर कामांच्या मानाने लहान म्हणून मागे पडू नये असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना यावर डिझर्टेशन करायचंय त्यांनी पुढची चाचणी कशी असावी यावर लिहावं, तिथे अजून खूप जागा आहे. जन्मवेळेचा आक्षेप आधीच निकालात काढायचा तर वेळ मिनिटापर्यंत नोंदवलेलीच मुलं घ्यायची, आणि किती मिनिटांची चूक चालेल हे ज्योतिष्यांकडूनच लिहून घ्यायचं. कोणता नियम वापरला तेही प्रत्येक पत्रिकेसमोर लिहायला लावायचं, म्हणजे कूनच्या प्रश्नाला काहीतरी हाती लागेल. पालकांची परवानगी आणि मुलांची ओळख झाकणं यावर आज 2008 पेक्षा जास्त काटेकोर राहावं लागेल, विशेषतः विशेष शाळेतल्या मुलांबाबत, आणि हा भाग प्रस्तावात शेवटी चिकटवायचा नाही, पहिल्या पानावर हवा. उत्तरं न पाठवणाऱ्यांना कारण विचारायची सोय सुरुवातीच्या फॉर्ममध्येच ठेवायची. आणि जो 28 गाठेल त्याला लगेच विजेता न ठरवता दुसऱ्या 40 पत्रिका द्यायच्या, तीच 28 ची अट ठेवून. एकाच माणसाने दोन्ही वेळा निव्वळ नशिबाने पास व्हायची शक्यता साधारण साडेचौदा हजारांत एक इतकी उरते, तेवढ्यावर दोन्ही बाजूंनी आधी सही करायला हरकत नसावी.